फ्रँकेनस्टाइन: इतका चांगला बाप मिळूनही व्हिक्टर असा बाप का निघाला?

रातवा

गिलेर्मो देल तोरोचा 'फ्रँकेनस्टाइन' २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. देखणा आहे, प्रश्नच नाही. पण त्यातला एक बदल काही केल्या पचत नाहीये, म्हणून हा धागा काढतोय. चित्रपटात व्हिक्टरचा बाप कडक, थंड, शिक्षा करकरून शिकवणारा सर्जन आहे. बापाने मुलाला छळलं, मुलाने मोठं होऊन आपल्या निर्मितीला छळलं. हिशेब चुकता, प्रेक्षक समाधानी.

मेरी शेलीच्या १८१८ च्या मूळ कादंबरीत हा हिशेब लागतच नाही. (पुस्तक दोनशे वर्षं जुनं आहे, तेव्हा कथा फुटल्याची तक्रार कृपया करू नये.) तिथला बाप आल्फोन्स फ्रँकेनस्टाइन हा जिनिव्हाचा प्रतिष्ठित माणूस, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या नगराच्या कारभाराची पदं. मित्र बोफोर्ट व्यापारात बुडून तोंड लपवायला ल्युसर्नला निघून गेला, तर आल्फोन्सने दहा महिने त्याचा माग काढला. बोफोर्ट वारल्यावर त्याच्या निराधार मुलीला आधार दिला आणि दोन वर्षांनी तिच्याशी लग्न केलं. उतारवयात मुलं झाली, त्यांच्यासाठी बरीचशी सार्वजनिक कामं सोडली. १८३१ च्या सुधारित आवृत्तीत तर व्हिक्टर स्वतःच सांगतो की आपल्या पदरात आलेल्या जिवाचं भलं होणार की वाटोळं, हे आपण त्याच्याशी कसं वागतो यावर आहे, याची माझ्या आईबापांना पुरेपूर जाणीव होती. म्हणजे बापाची कर्तव्यं काय असतात हे या पोराला तोंडपाठ आहे!

आणि हाच पोरगा इंगोलश्टाटला शिकायला जातो, मढ्यांचे तुकडे जमवून त्यांतून एक जिवंत माणूस घडवू लागतो आणि काम चालू असतानाच मनात मांडे खातो, की कुठल्याही बापाला पोटच्या पोराकडून मिळाली नसेल इतकी कृतज्ञता मला मिळेल. मग ती नोव्हेंबरातली रात्र. काचेवर पाऊस, मेणबत्ती संपत आलेली, तो निस्तेज पिवळा डोळा उघडतो आणि बाप खोलीतून पळतो. शेजारच्या खोलीत जाऊन चक्क झोपतो. जाग येते तर मुलगा पलंगाचा पडदा उचलून बघतोय, तोंडातून काहीतरी अस्फुट आवाज, चेहऱ्यावर हसल्यासारखं काही, एक हात पुढे केलेला. बाप परत पळतो आणि उरलेली रात्र अंगणात काढतो.

तर प्रश्न असा की ज्याला असा बाप मिळाला, त्याने एका रात्रीत पोर का टाकलं?

व्हिक्टरचं स्वतःचं एक उत्तर आहे. तो तेरा वर्षांचा असताना थोनॉनजवळ पावसामुळे कुटुंब एका खाणावळीत अडकतं, तिथे त्याला जादू-किमयेवर लिहिणाऱ्या कॉर्नेलियस अग्रिप्पाचं जुनं पुस्तक सापडतं. तो आनंदाने बापाला दाखवायला जातो. बाप शीर्षकावर नजर टाकतो आणि म्हणतो, असल्या भिकार गोष्टीत वेळ घालवू नकोस. व्हिक्टर म्हणतो, त्याऐवजी वडिलांनी दोन मिनिटं समजावून सांगितलं असतं तर मी ते पुस्तक तिथेच टाकलं असतं. मला हे उत्तर म्हणजे पिंजऱ्यातल्या आरोपीची सबब वाटते. तुम्हाला काय वाटतं?

आगाऊ

चांगल्या घरातली पोरं वाया गेलेली कधी पाहिली नाहीत का मालक? यात कोडं काय आहे?

बाकी चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वाचनवेडी

धागा आवडला. वाचनखूण साठवली आहे.

मला या विषयात सगळ्यात लख्ख दिसणारा प्रसंग आयर्लंडच्या तुरुंगातला. त्या जिवाने मारलेल्या आपल्याच मित्राच्या, हेन्री क्लर्व्हलच्या खुनाच्या आरोपावरून व्हिक्टर आत आहे, नुकताच दोन महिन्यांच्या तापातून उठलाय. न्यायाधीश कर्विन मोठा भला माणूस. तो येऊन सांगतो, घरचे सगळे बरे आहेत आणि तुम्हाला भेटायला एक मित्र आलाय. व्हिक्टर किंचाळतो, त्याला घालवा, मला तो दिसायला नको, देवासाठी त्याला आत सोडू नका! कर्विन चमकतो आणि जरा कडकपणेच म्हणतो, वडील आल्याचं कळल्यावर कुणी असा थयथयाट करेल असं वाटलं नव्हतं.

व्हिक्टरला वाटलं होतं की 'तो' आलाय. जिनिव्हाहून म्हातारा बाप एवढा प्रवास करून दारात उभा आणि मुलाच्या डोळ्यांपुढे कोण, तर आपण टाकलेला मुलगा. मेरी शेलीने इथे बाप आणि मुलगा यांना एकाच दारात उभं केलंय. वडील आहेत हे कळल्याबरोबर मात्र व्हिक्टरचा चेहरा पालटतो. तुम्ही सुखरूप आहात ना, एलिझाबेथ, अर्नेस्ट? (एलिझाबेथ त्याची वाग्दत्त वधू, अर्नेस्ट भाऊ.) हा मुलगा बापावर प्रेम करतो यात शंकाच नको. आणि तरी त्याच्या दारात कुणीही आलं तरी आधी भीतीच येते.

डॉ. खडूस

बाळंतपणाच्या खोलीत उभं राहायचा अनुभव असल्याने एक भर घालतो. नवजात मूल जाहिरातीतल्यासारखं दिसत नाही. सुजलेले डोळे, रक्त, चिकटा, वेडंवाकडं डोकं. ते बघून चेहरा पाडणारे बाप मी पाहिलेत, आणि तासाभरात तेच बाप त्याला खाली ठेवायला तयार नसतात. व्हिक्टर तो तासभर थांबला नाही, बस्स. त्यात हे बाळ आठ फुटी!

लेखिकेचा संदर्भ पण ध्यानात घ्या. १८१५ च्या फेब्रुवारीत तिला दिवस पूर्ण व्हायच्या आत मुलगी झाली आणि काही दिवसांतच गेली. १८१६ च्या जानेवारीत मुलगा झाला. जूनमध्ये जिनिव्हा सरोवराकाठी ही गोष्ट सुचली तेव्हा ती अठरा वर्षांची आणि कडेवर पोर. बाई या विषयावर हवेत बोलत नाहीये.

मास्तर

रातवा, धाग्याचं शीर्षकच मला खटकलं. 'इतका चांगला बाप मिळूनही' यात गृहीत काय आहे? की मुलगा म्हणजे बापाने पेरलेलं उगवतं. हे आपल्या काळाचं खूळ आहे. माणसाने काहीही केलं की लगेच लहानपण उकरायचं. देल तोरोने तेच केलं आणि तुम्ही त्याच्यावर चिडून तोच प्रश्न उलटा विचारताय.

कादंबरी व्हिक्टरला ही पळवाट ठेवतच नाही. त्याला चांगला बाप दिला, चांगली आई दिली, क्लर्व्हलसारखा मित्र दिला, एलिझाबेथ दिली, पैसा दिला. सगळी कारणं काढून घेतली आणि मग पळवलं. आता सांगा, कुणाकडे बोट दाखवता?

अग्रिप्पाच्या प्रसंगाबद्दल एक गंमत. १८१८ च्या आवृत्तीत त्यानंतर काही काळाने वीज पडून ओकचं झाड भस्म होतं तेव्हा विजेबद्दल मुलाला समजावून सांगणारा बापच आहे. छोटं विद्युतयंत्र बनवून दाखवतो, पतंगाने ढगातली वीज खाली आणून दाखवतो. म्हणजे 'दोन मिनिटं समजावलं असतं तर' ही तक्रार टिकत नाही, बापाने प्रयोगासकट समजावलं होतं. १८३१ मध्ये मेरीने हे काम काढून घरी आलेल्या एका पाहुण्या विद्वानाला देऊन टाकलं. आल्फोन्स तेव्हापासून विज्ञानातलं काही न कळणारा झाला. तुम्ही कुठली आवृत्ती वाचता यावर बापाचा गुन्हा ठरतो!

बे एरियातला बंड्या

मराठी अग्रलेखात फ्रँकेनस्टाइनचं नाव निघालं की पाठोपाठ भस्मासुर येतोच. कुठल्या तरी पक्षाने कुठल्या तरी नेत्याला मोठं केलं, तो उलटला, की भस्मासुर. पण भस्मासुराला शंकराने टाकलं नव्हतं, उलट मागेल तो वर दिला होता. इथला मुलगा मागतोय काय, तर माझ्याशी बोल. माँटनव्हेरच्या हिमनदीवर भेटतो तेव्हा पहिलं म्हणणं काय, माझं ऐकून तरी घे. तो ताकदीने व्हिक्टरला तिथल्या तिथे चिरडू शकतो. त्याऐवजी म्हणतो, मी तुझा आदम व्हायला हवा होतो. तुझा वाटा तू उचल, मी तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही.

मला तर कर्ण जवळचा वाटतो.

मास्तर

बंड्या, कर्ण नको रे. मराठी संस्थळावर कुठलाही धागा तिसऱ्या पानावर कर्णापाशी पोचतो, हा तर पहिल्याच पानावर पोचला.

बे एरियातला बंड्या

मास्तर, एवढंच म्हणून थांबतो: कर्णाला जन्माबरोबर बापाकडून कवचकुंडलं मिळाली होती. या जिवाला काय मिळालं? थंडी वाजली म्हणून प्रयोगशाळेतून निघताना त्याने स्वतःच व्हिक्टरचे कपडे अंगावर घेतले आणि त्याच्या खिशात व्हिक्टरची टिपणवही निघाली. त्याच्या जन्माआधीच्या चार महिन्यांचा वृत्तांत. पुढे अक्षरओळख झाल्यावर त्याने ती वाचली. आपण कसे बनलो, बनवणाऱ्याला कसली किळस येत होती, तारीखवार. वडिलोपार्जित इस्टेट म्हणून एवढंच आलं त्याच्या वाट्याला.

वाचनवेडी

बंड्या, ती वही वाचताना तो मिल्टनही वाचतोय हे विसरू नका. मिल्टनचं महाकाव्य 'पॅराडाइज लॉस्ट', प्लुटार्कची चरित्रं आणि ग्योटेचा 'वेर्थर', रानात सापडलेल्या चामडी पेटीतली तीन पुस्तकं. मिल्टनमधल्या आदमलाही निर्मात्याने घडवलं, पण तो सुंदर, निर्मात्याशी बोलू शकणारा, आणि त्याच्यासाठी जोडीदारीणही बनवलेली. हा वाचतो आणि तुलना करतो. शेवटी म्हणतो की मला आदमपेक्षा सैतान जास्त जवळचा वाटतो, खोपटातल्या सुखी कुटुंबाकडे बघून माझ्याही आत तसाच मत्सर उसळतो.

दर्यावर्दी

त्या खोपटाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? माझ्या मते बापलेकांचा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात घातक जोड तिथेच आहे.

तो जीव ज्या खोपटाला लागून लपून राहतो, तिथला म्हातारा डी लेसी आंधळा. मुलगा फेलिक्स, मुलगी अगाथा. पूर्वी पॅरिसात बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी. फेलिक्सने अन्यायाने फाशी सुनावलेल्या एका तुर्की व्यापाऱ्याला तुरुंगातून पळवलं. सरकारने म्हाताऱ्याला आणि अगाथाला आत टाकलं. फेलिक्स परत येऊन स्वाधीन झाला, खटला उभा राहीपर्यंत पाच महिने सगळे कोठडीत, मग मालमत्ता जप्त आणि कायमचं हद्दपार. मुलाच्या एका चांगल्या कृत्यापायी बाप भिकेला लागला. आणि पुस्तकभर तो म्हातारा मुलाला एका शब्दाने टोचत नाही. गिटार वाजवतो, पोरांचं मन रमवतो. (तो तुर्की बापही बघा, पोरगी सफी फेलिक्सला देतो म्हणाला आणि सुटल्यावर फिरला. एकाच प्रकरणात दोन बाप.)

तो जीव भिंतीच्या फटीतून हे बघत बघत भाषा शिकतो. अखेर पोरं बाहेर गेल्याचं बघून म्हाताऱ्यापुढे जातो. म्हातारा म्हणतो, तुझा चेहरा मला दिसत नाही, पण तुझ्या बोलण्यात काहीतरी खरं आहे. आख्ख्या कादंबरीत त्याला कुठल्याही बापाने माणसासारखं वागवलं असेल तर ती ही काही मिनिटं. तो म्हाताऱ्याचे पाय धरतो आणि दारात फेलिक्स येतो. बापाच्या गुडघ्यांना कवटाळलेलं ते धूड बघून त्याला ओढतो, काठीने झोडतो. हा त्याला फाडू शकला असता. हात उचलत नाही, निघून जातो.

फेलिक्स काय चुकला? बापाला वाचवायला धावलेला सज्जन मुलगा तो! चांगल्या मुलाचं चांगलं वागणंच त्या बिचाऱ्याचा शेवटचा दरवाजा बंद करतं. रातवा, तुमच्या 'चांगला बाप' प्रश्नाला हा प्रसंग जोडून बघा.

जाता जाता, व्हिक्टरची कहाणी ऐकून घेणारा जहाजाचा कप्तान वॉल्टनही बापाची आज्ञा मोडूनच उत्तर ध्रुवाकडे निघालाय. मुलाला दर्यावर पाठवू नका असं मरताना बापाने काकाला बजावून ठेवलं होतं. माझं सदस्यनाम बघता मला त्याची बाजू घ्यावी लागेल.

सई_सांगते

सगळे 'बाप-मुलगा' म्हणताय, लिहिणारी मुलगी होती. मी म्हणेन ही बाप-लेकीची कादंबरी आहे, मुलग्यांचे कपडे घालून आलेली.

मेरीचा बाप विल्यम गॉडविन, 'पोलिटिकल जस्टिस' (१७९३) लिहिणारा तत्त्वज्ञ. मेरी जन्मली ३० ऑगस्ट १७९७ ला आणि आई मेरी वुलस्टनक्राफ्ट त्या बाळंतपणातच १० सप्टेंबरला गेली. म्हणजे हिला कळत्या वयापासून एकच सख्खा पालक. गॉडविनचं ते प्रसिद्ध कोडं आहे: घराला आग लागली, आत एक थोर लेखक आणि एक मोलकरीण, एकालाच वाचवता येईल. तो म्हणतो लेखकाला वाचवा, कारण जगाला त्याचा उपयोग जास्त. मोलकरीण माझी आई किंवा बायको असली तरी माझा निर्णय बदलता कामा नये. विवेकाने 'माझं' या शब्दाला किंमत द्यायची नाही, हे ज्या घरात शिकवलं जातं तिथे वाढलेल्या मुलीने आपल्या मुलाला 'माझा' न म्हणणारा बाप लिहिला.

जुलै १८१४ मध्ये ती सोळा वर्षांची असताना विवाहित कवी पर्सी शेलीबरोबर पळून गेली. विवाहसंस्थेवर तुटून पडलेल्या गॉडविनने लेकीचं तोंड बघणं सोडलं. पर्सीकडून पैसे घेणं मात्र थांबवलं नाही! पर्सीची पहिली बायको गेल्यावर डिसेंबर १८१६ मध्ये दोघांचं रीतसर लग्न झालं, तेव्हा कुठे बापाचा दरवाजा उघडला. 'फ्रँकेनस्टाइन'ची सुरुवात त्या बंद दरवाज्याच्या काळातली. आणि पुस्तक छापलं तेव्हा अर्पण कुणाला? विल्यम गॉडविनला. लेखिकेच्या नावाशिवाय.

पर्सीचंही तेच. १८११ मध्ये नास्तिकतेवरच्या पत्रकापायी ऑक्सफर्डने काढलं आणि बाप सर टिमथी याच्याशी कायमचं फाटलं. पर्सी १८२२ मध्ये बुडून गेला, त्यानंतरही सासऱ्याने सुनेचे हाल केले. नातवासाठी पैसे देईन, पण पर्सीचं चरित्र छापायचं नाही ही अट. त्या घरात रागावलेल्या बापांची कमतरता नव्हती. असं असूनही आल्फोन्स प्रेमळ लिहिलाय, हे मला विलक्षण वाटतं.

डॉ. खडूस

सई, प्रतिसाद जबरी. 'विल्यम' या नावाचं पण लिहा.

सई_सांगते

लिहिते. मेरी जन्मायच्या आधी आईबापांनी गृहीत धरलं होतं की मुलगाच होणार, आणि पत्रांतून त्या न जन्मलेल्याला विल्यम म्हणत. झाली मुलगी. ते नाव १८०३ मध्ये सावत्र भावाला गेलं. मेरीने १८१६ मध्ये आपल्या मुलाचं नाव विल्यम ठेवलं. आणि कादंबरीत त्या जिवाचा पहिला बळी व्हिक्टरचा धाकटा भाऊ, नाव विल्यम. लिहिताना तिचा स्वतःचा विल्यम पाळण्यात होता. तो १८१९ मध्ये रोमला तीन वर्षांचा होऊन गेला.

त्यानंतरची गोष्ट तर अंगावर येते. शोकात बुडालेल्या मेरीला गॉडविनने पत्र लिहून बजावलं, की अशीच दुःखात रुतून राहिलीस तर जवळच्यांचं प्रेमही गमावशील. आता आल्फोन्सचं बोलणं आठवा. विल्यम आणि त्याच्या खुनाच्या खोट्या आळापायी फासावर गेलेली घरची मोलकरीण जस्टिन, दोघं गेल्यावर तो व्हिक्टरला सांगतो की अतिदुःखाने माणूस रोजच्या कामालाही नालायक होतो आणि समाजात राहायच्या लायकीचा उरत नाही. कादंबरी जानेवारी १८१८ मध्ये आली. बापाचं पत्र १८१९ चं. मुलीने बापाचा सूर त्याच्या आधीच लिहून ठेवला होता.

रातवा

सई, दंडवत. आणि तुम्ही आयतंच माझ्या हाती दिलंत, कारण मी आता आल्फोन्सबद्दलच लिहायला बसलो होतो.

आल्फोन्स प्रेमळ आहे, पण त्याचं प्रेम ठराविक तापमानालाच चालतं. इंगोलश्टाटला जाताना मुलाला काय सांगतो? पत्र आलं नाही तर बाकीच्या कर्तव्यांतही तू कुचराई करतोयस असं मी धरून चालेन. विल्यमचा खून झाल्यावरच्या पत्रात काय लिहितो? सूड मनात न धरता, शांत मनाने घरी ये. जस्टिनवर आळ आल्यावर काय म्हणतो? ती निर्दोष असेल तर आपल्या कायद्यावर भरवसा ठेव. सगळं शहाणपणाचं, सगळं बरोबर, आणि जस्टिन फासावर जाते.

आता आयर्लंडहून परततानाचा पॅरिसचा मुक्काम बघा. बापाला वाटतं की खुनाचा आरोप सोसावा लागल्याचा कमीपणा मुलाला खातोय. तेव्हा व्हिक्टरच्या तोंडून निघून जातं, बाबा, तुम्ही मला ओळखत नाही. जस्टिन निष्पाप होती. विल्यम, जस्टिन, हेन्री, सगळे माझ्या हातून मेले. त्या म्हाताऱ्याने 'म्हणजे काय?' एवढं विचारलं असतं तर? तो म्हणतो, माझ्या राजा, हा काय भ्रम, पुन्हा असं कधी बोलू नकोस. आणि लगेच विषय बदलतो.

मला वाटतं, व्हिक्टर हे घरीच शिकलाय. कुरूप गोष्ट समोर आली की डोळे मिटायचे आणि दुसऱ्या खोलीत जायचं. बापाने ते मायेने केलं, मुलाने भीतीने. अग्रिप्पाचं पुस्तक बघून 'कचरा' म्हणणं, कबुली ऐकून 'भ्रम' म्हणणं आणि पिवळा डोळा बघून पळणं, यात मला एकच घराणं दिसतं. देल तोरोचा क्रूर बाप म्हणूनच मला सोपा वाटला. क्रूर बापाला मुलगा निदान ओळखतो तरी. हा इतका चांगला आहे की त्याच्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही.

मास्तर

वा, म्हणजे शेवटी बापच दोषी! छडी मारणारा दोषी, छडी न मारणाराही दोषी.

रातवा, पॅरिसच्या मुक्कामातली अलीकडची-पलीकडची पानं वाचा. व्हिक्टर स्वतः सांगतो की लोक मला वेडा समजतील म्हणून मी खुलासा टाळला, गप्प राहिलो. बापाने तुरुंगातही ही बडबड ऐकली होती आणि कधीकधी खुलासा व्हावा असं त्यालाही वाटलेलं दिसतं. तोंड उघडायचं होतं ते मुलाला. जस्टिनच्या खटल्याच्या वेळी तो जिनिव्हात होता, बापाला गाठून सांगू शकला असता. नाही सांगितलं. बापाच्या मिठीत एकदाही न निघालेली सगळी कहाणी तो नंतर धडाधडा कुणाला सांगतो? एका परक्या न्यायाधीशाला, बाप गेल्यावर. आणि मग बर्फात भेटलेल्या वॉल्टनला. म्हणजे बोलता येत होतं.

एलिझाबेथच्या खुनाच्या बातमीने म्हातारा खचतो आणि काही दिवसांत व्हिक्टरच्याच हातांत प्राण सोडतो. का मरतोय हेही त्याला कळू दिलं नाही. आणि तुम्ही त्यालाच पिंजऱ्यात उभं करताय.

वाचनवेडी

मास्तर, तुम्ही दोघं वेगवेगळे प्रश्न सोडवताय असं वाटतं. दोष कुणाचा हा तुमचा, आणि सवय कुठून आली हा रातव्याचा.

विल्यमचा प्रसंग मात्र दोघांच्या मध्ये बसतो. तो जीव त्या पोराला मारायला गेलेलाच नव्हता. इतकं लहान मूल अजून घृणा शिकलं नसेल, याला आपण वाढवू, असं त्याच्या मनात आलं. म्हणजे त्याला चक्क बाप व्हायचं होतं! पोरगं ओरडलं, सोड मला, माझे बाबा मोठे अधिकारी आहेत, फ्रँकेनस्टाइन, ते तुला शिक्षा करतील. बापाचं नाव त्याने ढालीसारखं पुढे केलं. त्या नावानेच त्याचा घात केला. आपल्याला न मिळालेलं आडनाव हे पोर हक्काने फेकतंय, हे ऐकल्यावर तो गळा धरतो.

आगाऊ

हे वाचून पॉपकॉर्न खाली ठेवले.

कोल्हापुरी मिरची

मला एक सांगा, अर्नेस्टचं काय झालं? आल्फोन्सला तीन मुलगे. थोरला व्हिक्टर, धाकटा विल्यम आणि मधला अर्नेस्ट. १८१८ च्या आवृत्तीत घरात चर्चा चालते, की बापाला त्याला वकील करायचंय आणि एलिझाबेथ म्हणते शेतकरी होऊ दे, वकिलीपेक्षा अब्रूचं काम आहे. १८३१ मध्ये त्याला परदेशी सैन्यात जायचं असतं. आणि मग? विल्यम मेला, आई आधीच गेलेली, एलिझाबेथ गेली, बाप गेला. अर्नेस्ट जिवंत! व्हिक्टर कबरीवर शपथा घेऊन राक्षसामागे उत्तरेला पळतो, पण उरलेल्या एकुलत्या एका भावाला निरोप द्यायचीही आठवण नाही. पुढे पुस्तकात त्याचं नावच येत नाही. ज्याला राक्षसाने मारलं नाही त्याला घरच्यांनीच विसरून टाकलं.

बाप सगळं प्रेम थोरल्यावर ओततो आणि मधलं पोर गपगुमान जगतं, ही बापलेकाची गोष्ट कुणी लिहिणार का?

दर्यावर्दी

मिरची, +१०००. मधला मुलगा असल्याने डोळे पाणावले.

डॉ. खडूस

१९३१ चा बोरिस कार्लोफवाला चित्रपट तर याहून पुढे गेला. त्यात म्हातारा बॅरन बाप शेवटी वारुणीचा पेला उंचावतो, 'फ्रँकेनस्टाइन घराण्याच्या मुलासाठी'. तेव्हा गिरणीत जळालेला 'मुलगा' कुणाच्या खिजगणतीतही नाही. विनोद कळून केलाय की नकळत, देव जाणे.

रातवा

मास्तर, तुमचा मुद्दा तुमच्या जागी. मी माझ्या जागी. पण शेवटाबद्दल आपलं एकमत होईल बहुतेक.

देल तोरोच्या शेवटी बाप क्षमा मागतो, मुलगा क्षमा करतो. पुस्तकात काय होतं? जहाजावर मरायला टेकलेला व्हिक्टर वॉल्टनला सांगतो, गेले काही दिवस मी माझ्या वागण्याचा विचार केला आणि मला त्यात दोष देण्यासारखं काही सापडलं नाही. त्या जिवाचं सुख बघणं हे माझं कर्तव्य होतं हे तो मान्य करतो, पण लगेच म्हणतो की माणसांप्रती माझं कर्तव्य त्याहून मोठं होतं. शेवटपर्यंत पळवाट, तीही अगदी वडिलांना शोभेलशा भारदस्त भाषेत. आणि मग तो जीव आत येतो, प्रेताजवळ उभा राहतो आणि क्षमा मागतो. मुलगा! तीन खून आणि एक फाशी डोक्यावर घेऊन, ऐकायला बाप शिल्लक नसताना.

मास्तर

इथे एकमत. मात्र 'वडिलांना शोभेलशी' हे तुम्ही मुद्दाम घुसडलंत, ते दिसलं.

आगाऊ

वाचायला घेतोय. १८१८ ची घेऊ की १८३१ ची? आणि आधी कुणाचं ऐकू, मास्तरांचं की रातव्याचं?

सई_सांगते

१८१८ ची घ्या, त्यात आल्फोन्स पतंग उडवतो. १८३१ ची नंतर. आणि मिरची, अर्नेस्टवर वेगळा धागा काढाच, मी येते तिथे.